सोलापूर एसटी स्टँड नक्की कुणाचं? रोज अपडाउन करणाऱ्यांसाठी धागा

उत्तर_कसबा :
सोलापूरच्या स्टँडचा विषय निघाला की आपली गाडी लगेच पुण्याकडे वळते. शिवशाही किती वाजता आहे, स्वारगेटला किती तासांत पोचते, सीट मिळते का. पण सकाळी नऊ ते साडेदहाच्या वेळात स्टँडच्या गेटवर थांबून कोण उतरतंय ते बघा. मंद्रूप, वळसंग, मोहोळ, तुळजापूर, अक्कलकोट, नळदुर्ग या भागांतली माणसं असतात, आणि संध्याकाळी तीच परत जाणार असतात. दयानंद, संगमेश्वर, वालचंद कॉलेजांची पोरं, सिव्हिलला दाखवायला आणलेली म्हातारी माणसं, नवी पेठेतल्या दुकानांत कामाला असणाऱ्या मुली, कोर्टात तारीख असलेले शेतकरी. सोलापूरला उपनगरी रेल्वे नाही. ते काम आपल्याकडे लाल गाडी करते आणि वर्षानुवर्षं करत आली आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे स्टँड आधी चाळीस-पन्नास किलोमीटरच्या आतल्या माणसांचं आहे, मग पुण्या-मुंबईचं. त्यात कोणतीही सुधारणा करायची तर आधी या माणसांचा दिवस समोर ठेवायला हवा. ज्यांना जुना इतिहास माहीत आहे, ज्यांनी एसटीत नोकरी केली आहे, जे रोज येतात-जातात, त्या सगळ्यांनी इथे लिहा. एका जागी सगळं जमा झालं तर निवेदन करायला उपयोग होईल.

नकाशेवाला :
छान विषय. इतिहासाचं मी थोडं लिहितो.

एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 ला पुणे ते अहमदनगर धावली, हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्या वर्षी सोलापूरच्या भोवतीचा नकाशा कसा होता ते फारसं कुणी सांगत नाही. सोलापूर इंग्रजांच्या मुलखातलं. अक्कलकोट हे भोसल्यांचं संस्थान, ते 1948 मध्येच विलीन झालं. आणि तुळजापूर, नळदुर्ग निजामाच्या राज्यात. पंचेचाळीस किलोमीटरवरच्या तुळजाभवानीला जायचं तर माणूस दुसऱ्या राज्यात जात होता. सप्टेंबर 1948 मध्ये भारतीय फौजा हैदराबादकडे निघाल्या त्या याच सोलापूर-नळदुर्ग रस्त्यानं.

मराठवाडा 1956 मध्ये मुंबई राज्यात आला. तिकडची बस वाहतूक मात्र वेगळ्या खात्याकडेच होती, ती 1961 मध्ये आजच्या महामंडळात मिसळली. त्यानंतर तुळजापूर, उमरगा, नळदुर्ग, सोलापूर या सगळ्या रस्त्यांवर एकच एसटी झाली. आज तुळजापूरची बाई उठून सोलापूरच्या दवाखान्यात येते आणि दुपारी घरी परतते, हे आपल्याला साधं वाटतं. पण त्यामागे तीन राजवटींचे रस्ते एकत्र आणण्याचं काम आहे.

दुसरी गोष्ट, सोलापुरात कामाला जाण्यासाठी बस लागायची नाही असाही एक काळ होता. रेल्वे 1860 मध्ये आली, जुनी मिल 1877 मध्ये सुरू झाली, मग विष्णू, लक्ष्मी, नरसिंगगिरजी. कामगार गिरणीच्या आसपासच राहायचा आणि भोंग्यावर चालत जायचा. गिरण्या बंद पडत गेल्या तसं काम विखुरलं: यंत्रमाग पूर्व भागात, एमआयडीसी अक्कलकोट रोडला आणि चिंचोळीला, विद्यापीठ केगावला. मग 1992 ची हद्दवाढ. शहराचं क्षेत्र साधारण 33 चौरस किलोमीटरवरून 178.57 वर गेलं. एवढं पसरलेलं गाव पायी तुडवता येत नाही. रोजच्या बसची खरी गरज तिथून वाढली.

टिकली_पंच :
मी एसटीत कंडक्टर होतो, आता निवृत्त आहे. सोलापूर विभागात नऊ आगारं आहेत: सोलापूर, पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट, करमाळा, कुर्डुवाडी, अकलूज, सांगोला आणि मंगळवेढा. सोलापूर स्टँडवर दिसणाऱ्या सगळ्या गाड्या सोलापूर आगाराच्या नसतात हे आधी लक्षात घ्या. अक्कलकोटची गाडी बऱ्याचदा अक्कलकोट आगाराची, तुळजापूरची धाराशिव विभागाची, आणि कलबुर्गी, विजयपूर, इंडीच्या कर्नाटकच्या. म्हणून "सोलापूर डेपोला सांगा, गाडी वाढवा" म्हणून भागत नाही. नियत, म्हणजे गाडीची ठरलेली फेरी, ज्या आगाराचं, मागणी तिथं करावी लागते. लोक चुकीच्या टेबलावर अर्ज देतात आणि तो तिथंच पडून राहतो.

आता दिवस कसा चालतो ते सांगतो. पहाटेच्या पहिल्या गाड्या स्टँडवरून सुटत नाहीत, त्या गावातून येतात. मुक्कामी गाडी म्हणजे रात्रीची शेवटची फेरी करून गावात थांबलेली गाडी. ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच झोपतात, देवळात, ग्रामपंचायतीच्या खोलीत, नाहीतर गाडीत. पहाटे तीच गाडी दूधवाले, पोरं, कामगार घेऊन शहरात येते. मुक्काम बंद झाला की गावाची रात्रीची शेवटची आणि सकाळची पहिली अशा दोन्ही गाड्या एकदम जातात. लोकांना वाटतं एक फेरी कमी झाली, पण गावाच्या अपडाउनची दोन्ही टोकं तुटलेली असतात.

मुक्कामासाठी गावानं काय करायचं? खोली, पाणी, संडास, दिवा. एवढं असेल तर क्रू आनंदानं थांबतो. माझ्या नोकरीत काही गावांनी आम्हाला घरच्यासारखं जेवू घातलं. त्या गावांची गाडी चुकू नये म्हणून आम्हीही जीव टाकायचो.

भाड्याचंही सांगतो. एसटीचा एक टप्पा सहा किलोमीटरचा. नव्या टप्प्यात एक किलोमीटर गेलात तरी त्या टप्प्याचं भाडं बसतं. लांबच्या प्रवासात हे जाणवत नाही, जवळच्या प्रवाशाला जाणवतं. 25 जानेवारी 2025 ला भाडेवाढ झाली ती 14.95 टक्के. रोज जाणाऱ्या माणसाला ती महिन्याच्या हिशेबात दिसते.

मंद्रूपची_मुलगी :
काका, मुक्कामी गाडीचं इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं. धन्यवाद.

मी नर्सिंग झाल्यावर सोलापुरात नोकरीला लागले. आमच्याकडे मुलींचं शिक्षण थांबतं ते फीमुळे कमी आणि "येणार-जाणार कशी" यामुळे जास्त. आईवडिलांना एसटीवर विश्वास असतो. कंडक्टर ओळखीचे, गाडीत गावातली चार माणसं, ठरलेली वेळ. जीपमधून पाठवणार नाहीत, एसटीनं पाठवतील. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेत पास मोफत आहे, त्यामुळे कॉलेजपर्यंतची दोन वर्षं तरी निघतात. पुढे विद्यार्थी सवलत 66.67 टक्के, म्हणजे भाड्याचा तिसरा हिस्साच आपल्याला भरायचा.

17 मार्च 2023 पासून सगळ्या महिलांना अर्धं तिकीट झालं. याचा परिणाम मी दवाखान्यात पाहते. आधी बाई दुखणं अंगावर काढायची आणि नवऱ्याला सवड मिळाली की त्याच्या गाडीवर यायची. आता ती एकटी येते, सोबत सासूला आणते. सासू पंचाहत्तरीच्या पुढची असेल तर ऑगस्ट 2022 पासून तिचं तिकीटच नाही. दोघींचं मिळून अर्ध्या तिकिटात काम होतं. तपासणीच्या पुढच्या तारखेला पेशंट परत येणं ही आमच्यासाठी फार मोठी गोष्ट असते, आणि त्यात बसचा वाटा आहे हे मी खात्रीनं सांगते.

पुणेनाका :
सगळं मान्य आहे, पण शहराचा विचार कोण करणार? स्टँडसमोरचा रस्ता बघा. गाड्या आत-बाहेर करतात, रिक्षा तोंडाशी उभ्या, फळांचे गाडे. संध्याकाळी शिवाजी चौकातून निघायला जीव जातो. पुणे-हैदराबाद आणि विजापूर हे दोन्ही मोठे रस्ते शहराला लागून जातात. स्टँड बाहेर केगाव किंवा बाळ्याच्या बाजूला न्यावं, मोठी जागा घ्यावी, भरपूर फलाट करावेत. नाशिक, पुण्यातही एकापेक्षा जास्त स्टँड आहेतच की.

पूर्वभाग :
पुणेनाका दादा, तुमचा त्रास खरा आहे, पण उपायानं कुणाचं काय होईल ते आधी बघू.

मी अशोक चौकाजवळ वाढलो, घरी माग होता, आजी बिड्या वळायची. बिडी कामगार बाईचा दिवस कसा असतो ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो. पत्ता-तंबाखू बिडी कारखान्याच्या ब्रँचमधून आणायचा, घरी वळायचं, वळलेल्या बिड्या परत ब्रँचमध्ये मोजून द्यायच्या. म्हणजे काम घरी असलं तरी येणं-जाणं सुटत नाही. पूर्वी घर आणि ब्रँच एकाच पेठेत. मग कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहत झाली, दहा हजार घरांची, 2006 मध्ये ताबा मिळाला. बिडी कामगार बायकांना स्वतःच्या नावाचं घर मिळालं, ही सोलापूरच्या कामगार चळवळीची फार मोठी कमाई आहे आणि मला तिचा अभिमान आहे. त्याच भागात पुढे रे नगर, तीस हजार घरांचा प्रकल्प, त्यातली पंधरा हजार घरं जानेवारी 2024 मध्ये दिली गेली. एवढी माणसं अक्कलकोट रोडला, शहराच्या हद्दीबाहेर राहायला गेली. त्यांची कामं, शाळा, दवाखाने, नातेवाईक मात्र शहरातच आहेत.

घर दिलं की बस द्यावी लागते. घर बांधायला पैसे एकदाच लागतात, बसला रोज लागतात, म्हणून बस नेहमी मागे पडते.

आता तुम्ही स्टँड बाळ्याला न्या. पुण्याहून आलेला माणूस आठवड्यातून एकदा येतो, तो रिक्षाचे पैसे देईल. वळसंगच्या पोराला रोज दोन्ही वेळा शेअर रिक्षा करावी लागेल. एसटीच्या पासात वाचलेले पैसे रिक्षात जातील. आपली सिटी बस भक्कम असती तर मी तुमच्याबरोबर सही केली असती. पण सिटी बसची अवस्था आपण सगळे जाणतो. सात रस्त्याचा डेपो एके काळी कसा गजबजलेला असायचा! जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर विकास योजनेतून नव्या बस आल्या तेव्हा आम्ही सगळे खूश होतो. पुढे त्यातल्या कित्येक बसच्या चेसीला तडे गेले, बस उभ्या राहिल्या, आणि उपक्रम त्यातून नीट सावरलाच नाही. साडेनऊ लाखांचं शहर (2011 ची जनगणना), आणि विडी घरकुलहून जुळे सोलापूरला जायचं तर माणूस बसचा विचारही करत नाही.

टिकली_पंच :
दोघांचंही काही अंशी बरोबर आहे. आतल्या माणसाचा हिशेब सांगतो.

स्टँडवर गर्दी होते ती गाडी उभी राहण्याच्या वेळेमुळे. पुणे, मुंबई, छत्रपती संभाजीनगरची गाडी आरक्षण, सामान, क्रू बदल या सगळ्यात फलाटावर बराच वेळ उभी असते. गावची गाडी आली, माणसं उतरली, चढली, टीसीकडे (वाहतूक नियंत्रकाकडे) नोंद झाली, दोन घंट्या, निघाली. एकाच फलाटावर लांबच्या पाच गाड्या थांबतात तेवढ्यात जवळच्या वीस निघू शकतात. मग बाहेर न्यायच्याच असतील तर लांबच्या गाड्या न्या, त्यांना आधीच सामान आणि रिक्षा असते. जवळच्या मात्र आतच ठेवा. जागा मोकळी झाली की चौकातली कोंडीही निम्मी होईल असं मला वाटतं.

आणखी एक. सगळ्यांनी स्टँडलाच उतरायला पाहिजे असं नाही. अक्कलकोटच्या गाडीतला एमआयडीसीचा माणूस वाटेतच उतरतो, पूर्व भागातला शांती चौकात. विजापूर रोडच्या गाडीतले सैफुलला उतरतात, तुळजापूरकडचे मार्केट यार्ड नाहीतर रूपाभवानीला. पण हे थांबे थांब्यासारखे नाहीत. शेड नाही, वेळेची पाटी नाही, अंधार. हे चार-पाच थांबे नीट केले तर स्टँडवरचा भार आपोआप उतरेल आणि खर्च फारसा नाही.

वळसंगकर :
टिकली काका एकदम खरं बोललात बघा. मी शांती चौकातच उतरतोय, माझं काम तिथनं जवळ. पण संध्याकाळी तिथं थांबून गाडी मिळंलच असं नसतंय. स्टँडवरनंच गाडी भरून येतीय, मग ड्रायव्हर काय करणार, जागाच नसतीय. म्हणून सगळेजण उलटं स्टँडला जातेत, तिथनं बसून परत त्याच रस्त्यानं येतेत. संध्याकाळी साडेपाच ते सात या टायमात दोन-तीन फेऱ्या एमआयडीसीतनंच सुटायला पाहिजेत, अक्कलकोट रोडला. रिकामी गाडी तिथं आणून लावायची आणि तिथनं भरायची.

दुसरं म्हणजे भाषा. आमच्या भागात घरात कन्नड बोलतेत. म्हातारी माणसं स्टँडवर आली की पाटी वाचता येत नाही, चौकशीच्या खिडकीवर बोलायला लाजतेत. काही कंडक्टर स्वतःहून "यल्लिगे?" (कुठं जायचं?) म्हणून विचारतेत आणि हाताला धरून गाडीत बसवतेत. असल्या माणसांमुळं एसटी चाललीय. स्टँडवर घोषणा मराठीबरोबर कन्नडमधनं पण व्हावी, आणि तेलुगूतनं पण, ही माझी मागणी लिहून घ्या.

मंद्रूपची_मुलगी :
+1, घोषणेबद्दल. आमच्या दवाखान्यात आम्ही तिन्ही भाषांत बोलतो, नाहीतर कामच होत नाही. स्टँडवरही तेच लोक येतात.

नकाशेवाला :
फेऱ्या कमी का होतात याचं एक कारण भारमान. गाडीत किती टक्के सीट भरल्या यावर फेरीचं भवितव्य ठरतं. सकाळी गावातून गाडी खच्चून येते, पण परत गावाकडे जाताना रिकामी जाते. दोन्हीची सरासरी काढली की फेरी तोट्यात दिसते. पण सकाळी गावाकडे जाणारी रिकामी फेरी नसेल तर पुढची भरलेली फेरी येणार कुठून? अपडाउनच्या गाडीचा हिशेब जोडीनं, दिवसभराचा करायला हवा. वर महामंडळाला प्रवासी कर 17.5 टक्के भरावा लागतो, आणि सवलतींचे पैसे सरकारकडून नंतर मिळतात. ते वेळेवर आले नाहीत की आगाराला डिझेल आणि सुटे भाग यांची ओढाताण होते. मग आधी बळी जातो तो गावच्या फेरीचा, कारण पुण्याची फेरी रद्द केली तर आरक्षणवाले भांडतात, गावचा माणूस गप्प उभा राहतो.

पूर्वभाग :
शेवटचं वाक्य निवेदनात जसंच्या तसं घ्या. आणि यात्रांचंही. आषाढीला पंढरपूरला, कोजागरीला तुळजापूरला, गड्ड्याला (सिद्धेश्वरच्या यात्रेला) आपल्या सोलापुरात जादा गाड्या लागतात, त्या लागायलाच हव्यात. कोजागरीला सोलापुरातून तुळजापूरला चालत जाणारी गर्दी ज्यांनी पाहिली आहे त्यांना कळेल. पण त्या गाड्या रोजच्या नियतांतून काढल्या की शाळेच्या पोरांचे आठ दिवस जातात. निदान कोणत्या फेऱ्या बंद राहणार हे चार दिवस आधी गावात कळवलं पाहिजे.

2021 च्या ऑक्टोबरपासून 2022 च्या एप्रिलपर्यंत संप चालला तेव्हा काय झालं ते आठवा. कर्मचाऱ्यांच्या मागण्या रास्त होत्या, त्यांच्या घरांतले हाल आपण ऐकले आहेत. पण त्या काळात वडाप, म्हणजे खासगी जीपची वाहतूक, वाढलं ते वाढलंच. काही गावांत मग एसटीचे प्रवासी परत आलेच नाहीत, भारमान घसरलं, फेऱ्या गेल्या. ते प्रवासी परत आणायचे तर गाडी ठरल्या वेळेला दिसली पाहिजे, दुसरा उपाय नाही.

पुणेनाका :
लांबच्या गाड्या बाहेर, जवळच्या आत, हे मला पटतं. सगळं स्टँड हलवा ही मागणी मी मागे घेतो. पण मग सिटी बसचं काय? केंद्राच्या पीएम ई-बस सेवा योजनेत (इलेक्ट्रिक सिटी बस) सोलापूरचं नाव आहे. त्या बस आल्यावर त्यांचे मार्ग एसटी स्टँड आणि रेल्वे स्टेशनला जोडलेले हवेत, नाहीतर त्या वेगळ्याच फिरतील.

उत्तर_कसबा :
हो, आणि वेळाही जुळायला हव्यात. शेवटची सिटी बस आणि शेवटची गावची गाडी यांची गाठ पडली नाही तर दोन्हींचा उपयोग नाही. महिलांचं अर्धं तिकीट एसटीचं आहे, महापालिकेच्या बसला ते आपोआप लागू होत नाही, हेही महापालिकेपुढे मांडायला हवं.

विषय निघालाच आहे तर एक विचारते. आमच्या शेजारची ताई अक्कलकोटहून रोज येते, दुकानात कामाला. तिनं मासिक पास काढावा का तिकीटच घ्यावं?

टिकली_पंच :
मासिक पास म्हणजे वीस दिवसांचं भाडं भरून तीस दिवस प्रवास. त्रैमासिक पन्नास दिवसांचं भरून नव्वद दिवस. पुरुषाला हे फायद्याचं. महिन्यात सव्वीस दिवस कामाला गेला तर सहा दिवसांचं भाडं वाचतं.

ताईंना मात्र अर्धं तिकीट आहे. सव्वीस दिवस अर्ध्या तिकिटानं गेल्या तर तेरा दिवसांच्या भाड्याएवढेच पैसे जातात. वीस दिवसांचं भरून पास काढण्यापेक्षा तिकीटच घ्यावं. फक्त आधार कार्ड जवळ ठेवायला सांगा, सवलतीला ओळखपत्र मागतात. त्यांची मुलगी शाळेत असेल तर तिचा मोफत पास शाळेतूनच करून घ्यावा. 2024 पासून पास शाळेत पोचवायची पद्धत सुरू झाली आहे, मुख्याध्यापकांनी यादी द्यायची असते. शाळेनं यादी दिली आहे का ते जूनमध्येच विचारायला सांगा.

वळसंगकर :
काका, एमआयडीसीतनं फेरी सोडायचा अर्ज मग कुठं द्यायचा, सोलापूर आगाराला का अक्कलकोटला?

टिकली_पंच :
दोन्हीकडे द्या, आणि एक प्रत विभाग नियंत्रकांना. अर्जात नुसतं "गाडी वाढवा" लिहू नका. किती माणसं, कोणत्या कारखान्यांतून, किती वाजता सुटतात, कुठं उतरतात, हे लिहा. शक्य असेल तर कारखान्याच्या लेटरहेडवर माणसांचा आकडा घ्या. भारमान कागदावर दिसलं की साहेबांनाही वर मांडायला सोपं जातं. तुम्ही कच्चा मसुदा इथे टाका, मी बघून देतो.